गृहिणीचा परमार्थ

प्रपंच आणि परमार्थ यांचा तंटा फार जुना आहे, आणि आपल्या संतांनी तो फार गोड रीतीने मिटवलाही आहे. पण मिटलेला तंटा पुन्हा उकरून काढायची माणसाला खोडच असते. त्यातून गंमत अशी की, पुरुषाच्या प्रपंचाविषयी आपण जितके बोलतो त्याच्या शतांशानेही घरातल्या बाईच्या प्रपंचाविषयी बोलत नाही. शेतकऱ्याने औत हाकताना नाम घ्यावे, वाण्याने तराजू धरताना देवाला स्मरावे, हे सांगताना आम्हां कीर्तनकारांची रसना थकत नाही. परंतु जी माउली सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या नंतर निजते, तिचा परमार्थ कोणता? तो तिला केव्हा घडतो, कोठे घडतो, की घडतच नाही? या प्रश्नाचा शास्त्राच्या आणि संतचरित्रांच्या आधाराने थोडा विचार करू.

हा प्रश्न पुस्तकातला नव्हे. एका खेड्यात सप्ताहाच्या काल्याचे कीर्तन आटोपल्यावर एक साठीची बाई पाया पडायला आली आणि तिथेच बसली. म्हणाली, "महाराज, माळ घालून तीस वर्सं झाली. एकादशी चुकली न्हाई, हरिपाठ पाठ हाय. पन पंढरी एकदा बी घडली न्हाई. आदी सासू आंथरुणाला, मंग लेकरं, आता नातवंडं. घरधनी दरसाल जात्यात. मंग म्या वारकरी हाय का न्हाई, येवढं सांगा."

पाहा, प्रश्न किती नेमका आहे! वारी करतो तो वारकरी, ही तर नावाचीच व्याख्या. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार वाऱ्यांपैकी एकही जिला घडली नाही, तिला व्याख्येप्रमाणे बाहेर बसवावे लागेल. आणि जिने तीस वर्षे नेम पाळला, रुग्णाची सेवा केली, लेकरे वाढवली, तिला बाहेर बसवायला कोणाची जीभ रेटेल?

अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की, बाई, संसार ही माया आहे, तिच्यात गुंतलीस म्हणून देव अंतरला. दुसरे असे की, बाई, तुझी चूल हीच तुझी पंढरी, तुला कुठे जायचे कारणच नाही. पहिले उत्तर कडू आहे, दुसरे गोड आहे. दोन्ही अर्धवट आहेत, आणि माझ्या मते गोड उत्तर अधिक जपून घेण्यासारखे आहे.

आधी कडू उत्तर घेऊ. संसार माया आहे म्हणून तो परमार्थाच्या आड येतो, हा पूर्वपक्ष. त्यावर पहिले उत्तर आपल्या संतमंडळींच्या चरित्रांतच आहे. नामदेवराय संसारी, एकनाथ महाराज संसारी, तुकोबाराय संसारी, सावता माळी, गोरोबा काका, चोखोबा हे सगळे बायकामुलांचे धनी. चोखोबांच्या घरी तर पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा या दोघींनीही अभंग रचले. प्रपंच मुळातच वाईट असता तर ही घरे संतांची घरे झाली नसती. दुसरे उत्तर सिद्धान्ताचे. बांधते ते कर्म नव्हे, कर्माला चिकटलेला 'मी' आणि 'माझे' बांधतात. शास्त्रकार यालाच अहंता आणि ममता म्हणतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात आपापले कर्म हीच ईश्वराची पूजा होऊ शकते असे सांगितले, आणि १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर माउलींनी तो विचार मराठीत घरोघर पोचवला. तिथे अमक्याचे कर्म पूजेला चालते आणि तमक्याचे चालत नाही असा भेद नाही. मग पोळपाट-लाटण्याला तेवढे सोवळ्याबाहेर ठेवायचा अधिकार कोणाला?

गोरोबा काकांची कथा आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकली आहे. तेरचे हे कुंभार भजनात रंगून चिखल तुडवीत होते, तान्हे मूल रांगत चिखलात आले, आणि काकांच्या पायाखाली गेले. कीर्तनात ही कथा तन्मयतेचा कळस म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण श्रोतेहो, त्या कथेत आणखी एक माणूस आहे. ती आई पाण्याला गेली होती. जाताना 'मुलाकडे लक्ष ठेवा' एवढे सांगून गेली होती. घागर घेऊन परत आली तेव्हा तिने काय पाहिले, ते मनात आणा. तिचा आक्रोश ही माया म्हणायची काय? तसे असते तर कथा तिथेच संपायला हवी होती. पण ती तिथे संपत नाही. परंपरा सांगते की, शेवटी पांडुरंगाने ते मूल त्या आईला परत दिले. सांगा पाहू, जे मिथ्या आहे ते देव परत कशाला देईल? भक्ताची तन्मयता त्याने मानली, तसा आईचा दावाही मानला. माझ्या अल्पबुद्धीला या कथेचा अर्थ असा दिसतो की, तिचा हिशेब पुरा झाल्याशिवाय देवालाही ती भक्ती पुरी झाली असे वाटले नाही.

तेव्हा कडू उत्तर बाजूला ठेवू. प्रेम वेगळे आणि मोह वेगळा. लेकराला ताप आला असता रात्रभर उशाशी बसणे हे प्रेम. माझ्याच लेकराला सगळे मिळावे, शेजारणीच्या लेकराचे काही का होईना, हा मोह. पहिल्याने चित्त शुद्ध होते, दुसऱ्याने मळते. दोन्ही एकाच घरात, एकाच बाईच्या मनात, एकाच दिवशी उभी राहतात. म्हणून तर घर हे साधनेचे कठीण ठिकाण आहे. गुहेत बसलेल्याला ममतेची परीक्षा द्यावी लागत नाही. आईला ती दिवसातून दहा वेळा द्यावी लागते.

आता गोड उत्तराकडे वळू. चूल हीच पंढरी. याला आधार म्हणून महाभारताच्या वनपर्वातली कौशिक ब्राह्मणाची कथा सांगण्याची चाल आहे. कौशिक वेदाध्ययन करीत झाडाखाली बसला होता. वरून एका बगळीने त्याच्या अंगावर घाण केली. त्याने रागाने वर पाहिले तशी ती मरून खाली पडली. पुढे तो भिक्षेला एका दारी गेला. गृहिणी भिक्षा आणते म्हणाली, तेवढ्यात तिचा नवरा भुकेला घरी आला, आणि ती आधी त्याच्या सेवेला लागली. उशीर झाला म्हणून ब्राह्मण संतापला. तेव्हा ती शांतपणे म्हणाली की, महाराज, मी काही ती बगळी नव्हे. रानातली गोष्ट हिला घरात बसून कळली कशी, म्हणून तो थक्क झाला. तिने त्याला धर्माचे चार शब्द सांगितले आणि पुढचे ज्ञान हवे असेल तर मिथिलेला एका व्याधाकडे जा म्हणाली.

इथपर्यंतची कथा सांगून पुष्कळ जण थांबतात आणि बायकांना म्हणतात, पाहा, नवऱ्याच्या सेवेने केवढी सिद्धी मिळते! पण कथा इथे थांबत नाही हो. तो ब्राह्मण मिथिलेला गेला. मांस विकून पोट भरणाऱ्या त्या व्याधाने त्याला धर्म सांगितला, आपल्या वृद्ध आईबापांची सेवा दाखवली, हेच माझे दैवत म्हणाला, आणि मग त्याच्या वर्मावर बोट ठेवले. तू वेद शिकायला निघालास तो म्हाताऱ्या आईबापांची अनुज्ञा न घेता निघालास, ते दुःखाने आंधळे झाले आहेत, आधी घरी जा. आणि तो वेदपाठी ब्राह्मण घरी परतला, आईबापांच्या सेवेला लागला. म्हणजे कथेचा शेवट काय? बाईला चुलीपाशी बसवणे हा नव्हे, तर घर सोडून गेलेल्या पुरुषाला घरी धाडणे हा कथेचा शेवट आहे.

आणि दूर कशाला जायचे? आपल्या संप्रदायाचा पायाच पाहा. विटेवर देव का उभा आहे? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याने हातचे काम सोडले नाही, वीट फेकली आणि देवाला उभे राहायला सांगितले. पुंडलिक हा लेक होता, सून नव्हे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सेवा हे व्रत आपल्या पंथात पहिल्यांदा ज्याने घेतले तो पुरुष आहे, आणि चंद्रभागेच्या वाळवंटात आपण आधी त्याच्या मंदिरापाशी माथा टेकतो. तेव्हा चूल हीच पंढरी हे म्हणणे खरे असेल, तर त्या पंढरीची वारी पुरुषानेही केली पाहिजे. देव चुलीपाशी आहे असे तोंडाने म्हणायचे आणि आपण मात्र ताट वाढून येईपर्यंत ओसरीवर बसायचे, हे कसले शास्त्र?

सावता महाराजांचा दाखलाही असाच अपुरा दिला जातो. अरणच्या या माळ्याने मळा सोडला नाही, मळ्यातच देव पाहिला, आणि पांडुरंगच त्यांच्या भेटीला गेला असे परंपरा सांगते. मग बाई, तूही घर सोडू नकोस. ठीक. पण सावतोबांना कोणी मळ्यात अडकवून ठेवले नव्हते. जावे की राहावे हे त्यांच्या हाती होते, आणि त्यांनी राहणे पत्करले. ज्याला जाता येते आणि जो तृप्तीने जात नाही, त्याचे न जाणे ही भक्ती. ज्याला जाऊच दिले नाही, त्याचे न जाणे ही त्याची भक्ती म्हणून सांगणे बरोबर नाही. त्या माणसाने मनाने त्यातूनही भक्ती काढली, तर ती त्याची थोरवी. अडवणाऱ्याच्या पदरी त्यातले पुण्य पडत नाही.

संत बहिणाबाईंचे चरित्र इथे आठवते. १६२८ साली वेरूळजवळ देवगाव येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वयाने पुष्कळ मोठ्या पुरुषाशी लग्न झाले. कोल्हापुरात जयरामस्वामींचे कीर्तन ऐकून तुकोबारायांचा ध्यास लागला, त्यांनी स्वप्नात उपदेश केला, आणि इकडे नवरा चिडला. ब्राह्मणाच्या बायकोने तुकोबांना गुरू करावे हे त्याला सोसेना. त्याने मारहाणही केली. हे सगळे बहिणाबाईंनी स्वतः आपल्या अभंगांत लिहून ठेवले आहे. त्यांनी घरही टाकले नाही आणि भजनही टाकले नाही. नवऱ्याशी असलेला धर्म आणि देवाशी असलेले नाते यांत मन किती ओढले जाते, हे त्यांनी उघड सांगितले. पुढे नवऱ्याचेच मन पालटले आणि दोघे देहूला गेले. १७०० साली त्यांनी देह ठेवला. या चरित्रातून 'बाईने मार सोसावा' असा बोध कोणी काढील तर तो अनर्थ होईल. बोध असा आहे की, अडवणाऱ्याला शेवटी पालटावे लागले.

आणि तुकोबारायांच्या घरचे काय? काही कीर्तनांत जिजाई आल्या की हशा पिकतो. त्यांना कजाग, भांडकुदळ दाखवले की श्रोते खूश होतात. पण विचार करा. दुष्काळात घर बुडालेले, थोरली सवत अन्नावाचून गेलेली, आपल्या वाट्याची कर्जखते पतीने इंद्रायणीत सोडलेली, घरात लेकरे. अशा घरात रोज चूल कोणी पेटवली? भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन कोण चढत होते? तुकोबारायांची थोरवी गाताना त्या भाकरीची आठवण ठेवली तर तुकोबारायांना उणेपणा येत नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयी अमृतत्वाचा प्रश्न विचारते, आणि तो संवाद अजरामर झाला. दुसरी पत्नी कात्यायनी, जिचे लक्ष घराकडे होते, तिचा एकही शब्द उपनिषदात नाही. मैत्रेयीचा प्रश्न थोरच. पण कात्यायनीलाही तो प्रश्न पडत असेल, आणि हातातले काम टाकून विचारायला सवड झाली नसेल, हे आपल्या मनात येत नाही.

सवडीचा विषय निघाला म्हणून सांगतो. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास, आणि त्यांची मिनिटे ९७. म्हणजे बाईचे पाच तास. एवढे करून तिला नाव काय? 'घरीच असते, काही करत नाही.' २००१ सालच्या जनगणनेने अशा बायकांना भिकारी आणि कैदी यांच्या जोडीने काम न करणाऱ्यांत धरले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात त्याबद्दल नापसंती नोंदवली. न्यायालयाला जे दिसले ते माळकऱ्याला दिसू नये काय?

आता साधेपणाविषयी थोडे. माळकऱ्याचे घर साधे असावे, हे आपले ब्रीद. हल्ली हप्त्यांवर वस्तू येतात, लग्नात ऐपतीबाहेर खर्च होतो, आणि मोबाइलात दुसऱ्याचे घर पाहून आपले घर लहान वाटू लागते. या पुराला अडवणारा बांध पुष्कळदा घरातली आईच असते. शिळ्या भाकरीचा फोडणी देऊन कुस्करा तीच करते, जुन्या लुगड्याची वाकळ तीच शिवते, पसाभर धान्य दारी आलेल्याला तीच घालते. मुले साधेपणा ऐकून शिकत नाहीत, आईचा हात पाहून शिकतात. पण एक गोष्ट नीट तपासावी. नवऱ्याला गरम, मुलांना गरम, आणि शिळे मात्र रोज आईच्याच ताटात, याला साधेपणा म्हणू नये. सगळे घर मिळून वाटून घेते तो साधेपणा. एकाच माणसाच्या वाट्याला येतो तो अन्याय. आपली एकादशीच पाहा ना! 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडली नाही. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी, आणि दुसऱ्या दिवशी बारस सोडायला पुरणपोळी. उपवास घराचा आणि कष्ट दुप्पट बाईचे. जिला देवाचे नाव घ्यायला त्या दिवशी सवड मिळायची, तिचीच सवड उपवासाने खाल्ली.

माय-माउल्यांनो, दोन शब्द तुम्हांलाही. सेवा मोजायला लागली की तिचे ऋण होते. 'मी या घरासाठी हाडाची काडे केली' हे वाक्य खरे असले तरी रोज उच्चारू नये, कारण त्यातून ममता परत येते, आणि ती पहिल्या झटक्याला सुनेवर बसते. मी सोसले, आता तू सोस, हा काही धर्म नव्हे. आपल्याला जी वारी घडली नाही ती सुनेला घडू द्यावी. आपण जनाबाईंचे नाव घेतो. दळणकांडण करता करता त्यांनी देव जवळ केला. पण ते दुःख दुसऱ्यावर ढकलून त्यांनी देव मिळवला असे कोणीही म्हणत नाही.

तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाचा निर्णय असा. माउली, तू वारकरी आहेस, यात तिळमात्र संशय नाही. तीस वर्षे जे तू केलेस त्याला पुंडलिकाची साक्ष आहे. परंतु तुझी वारी फिटली असे मात्र मी म्हणणार नाही. ती तुझ्या घरावर बाकी आहे. तुझा घरधनी दरसाल पंढरीला गेला, तो तुझ्या खांद्यावर घर ठेवून गेला, तेव्हा त्याच्या प्रत्येक वारीत निम्मे चालणे तुझे आहे. एक साल त्याने घर धरावे आणि तुला दिंडीत धाडावे. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, त्यांतल्या कित्येकींना वर्षात एवढेच दिवस चुलीची काळजी नसते. तो मोकळेपणा हाही देवाचाच प्रसाद आहे.

वाचकांनी एवढ्या गोष्टी कराव्यात. संध्याकाळच्या हरिपाठाला घरातली बाई टाळ घेऊन बसल्याशिवाय हरिपाठ सुरू करू नये, आणि तिचे काम उरले असेल तर सगळ्यांनी मिळून ते आधी उरकावे. एकादशीला फळ, दूध, भाजलेले शेंगदाणे यांवर भागवून चूल निजू द्यावी. आजारी माणसाचे अंथरूण लेकाने काढावे, ते सुनेचेच काम समजू नये. आणि आषाढी-कार्तिकीची पाळी नवराबायकोने वाटून घ्यावी. यात पैसा लागत नाही, फक्त जागचे उठावे लागते. देव अठ्ठावीस युगे उभा आहे असे आपण मानतो. आपल्याला घटकाभर उभे राहणे जड जाऊ नये, एवढेच पांडुरंगाच्या चरणी मागणे आहे.

राम कृष्ण हरी.